दोन जागांचं विमान

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या मधल्या वर्षांत एका हिवाळ्यात आमच्या गावाच्या माळावर विमान उतरलं. उतरलं असंच म्हणायचं, कारण मी अर्जात 'पडलं' लिहिलं होतं ते कचेरीने खोडून परत पाठवलं.

गाव आखाडा बाळापूरपासून दोन कोसांवर. मी तिथे सरकारी मास्तर होतो. निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणत. आमची तहतानिया म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली आणि मी. वय चोवीस, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूळ गाव वसमत.

आवाज आला तेव्हा मी पाढे म्हणून घेत होतो. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत तो वाढत गेला आणि मग एकदम थांबला. मी मुलांना जागेवर बसायला सांगितलं आणि स्वतः निघालो. त्यामुळे तीही निघाली.

विमान माळाच्या कडेला, बाभळीला नाक लावून उभं होतं. पिवळ्या रंगाचं, लहानसं. दोन पंख खाली, दोन वर, मध्ये काठ्या आणि तारा. एक चाक वाकडं झालं होतं. वरून लोखंडाचं वाटत होतं, पण हात लावल्यावर कळलं की वरचं सगळं कापड आहे, रंग दिलेलं. मध्यभागी एकामागे एक अशा दोन जागा होत्या, माणूस छातीपर्यंत आत बसेल एवढ्या. चालवणारा पोरसवदा होता, बहुधा पंजाबकडचा. तो खाली उतरून बाभळीखाली बसला होता आणि पाणी मागत होता.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने हे कोणतं ठिकाण म्हणून विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. बाळापूर सांगितलं, तेही नव्हतं. हिंगोली म्हटल्यावर त्याने मान हलवली.

"रेल है?" त्याने विचारलं.

"है," मी म्हणालो.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं. पाटील लग्नाला गेले होते आणि उर्दू वाचणारा मी एकटाच होतो, म्हणून त्याने एका कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहून माझी सही घेतली आणि बैलगाडीत बसून हिंगोलीच्या स्टेशनाकडे गेला. नंतर तो आम्हाला कधी दिसला नाही. चौथ्या दिवशी कचेरीचा शिपाई हुकूम घेऊन आला. विमान माझ्या ताब्यात देण्यात आलं होतं, 'ता हुकूम-ए-सानी', म्हणजे दुसरा हुकूम येईपर्यंत. तो यायला पाच वर्षं लागली.

मधे एकदा एक लॉरी आली होती. दोन मेकॅनिकांनी इंजन काढलं, पुढचा पंखा काढला, आतली घड्याळं काढली, वाकडं चाक ठोकून सरळ केलं आणि उरलेलं नंतर नेऊ म्हणून सांगितलं. मी पुन्हा सही केली.

माळ होता धनगर मामाचा. मामा साठीचा, उंच, फार न बोलणारा. गावातली निम्मी मेंढरं त्याची. विमान येताना पाहणारा तो एकटाच होता, पण कुणी विचारलं की म्हणे, "मी मेंढरं पाहून राहिलो व्हतो." विमानाच्या आवाजाने मेंढरं चौफेर पांगली होती, आणि ती गोळा करण्यात त्याची संध्याकाळ गेली. त्याबद्दल त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. राखणीला माणूस हवा म्हणून मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "माझी मेंढरं हितंच असत्यात. त्येच्याकडं बी पाहीन."

मामाची बायको, तिला सगळे मामी म्हणत, नऊ वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं आता कुणाला काही वाटत नव्हतं. त्यांना एक मुलगा होता आणि एक मुलगी. मामाने तिचं लग्न गोदावरीपलीकडे, लांबच्या गावात ठरवलं, ते मामीला न विचारता. दुसऱ्या वर्षी मुलगी पहिल्या बाळंतपणात गेली. निरोप यायला आठ दिवस लागले. निरोप आला त्या दिवशी मामीने भाकरी केल्या, मामाला वाढल्या, आणि त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सांगायचं असेल ते सुनेमार्फत सांगायची. सून घरात नसेल तर बकरीला सांगायची. "तिकडं सांग, पाणी तापलं म्हणावं." मामा ते ऐकून अंघोळीला जायचा.

विमान आल्याची बातमी बाळापूरच्या बाजारात पोहोचल्यावर लोक यायला लागले. बाजारच्या दिवशी गाड्याच्या गाड्या वाट वाकडी करून माळावर यायच्या. माणसं बैल सोडायची, पंखाच्या सावलीत भाकरी खायची, विमानाभोवती एक फेरी मारून जायची. काही नारळ घेऊन यायचे. मी सांगून पाहिलं की हे देवाचं नाही, सरकारी आहे. एक म्हातारा म्हणाला, "मंग तर फोडलाच पायजे." तेव्हापासून मी नारळासाठी एक दगड ठरवून दिला, विमानापासून दहा पावलांवर.

खरी अडचण बकरीने केली. विमानाच्या रंगात काय होतं कोण जाणे, जनावरांना त्याचा वास आवडायचा. मामीच्या बकरीने, म्हणजे जिच्यामार्फत निरोप जायचे तिनेच, एका दुपारी शेपटाचं कापड हातभर खाल्लं. मी कचेरीला खरं ते कळवलं. उत्तर आलं की सदर बकरी मास्तरने ताब्यात घ्यावी, ता हुकूम-ए-सानी. मी हुकूम घेऊन मामीकडे गेलो. ती म्हणाली, "न्या की. पर दूध सकाळच्याला काढा, सांजच्याला देत न्हाई ती." बकरी सहा महिने आमच्या दारात बांधलेली होती. या सहा महिन्यांत मामीच्या घरी निरोपांची बरीच तकलीफ झाली असणार, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

फाटलेलं शेपूट माझ्या बायकोने शिवलं. ती हिंगोलीची, चौथी शिकलेली, शिवणाचा हात चांगला. तिने जुन्या धोतराचं कापड लावलं, वरून तांदळाची खळ चोपडली आणि हळदीत रंगवून पिवळं केलं. हळद आमच्याकडे मुबलक. लांबून ठिगळ ओळखू यायचं नाही. जवळून विमानाला वरणाचा वास यायचा.

बायकांचा दिवस वेगळा ठेवायचा हेही तिनेच ठरवलं. झालं असं की एक अंमलदार आपल्या घरच्या मंडळींना विमान दाखवायला घेऊन आले. मंडळी पडद्यातल्या. दमणी, म्हणजे छपराची गाडी, विमानाला लावून चारी बाजूंनी चादरी धरल्या, तेव्हा आतून त्यांना फक्त एक चाक दिसलं. माझ्या बायकोला ते बरं वाटलं नाही.

"यांनी एवढ्या लांबून चाक बघायला यायचं का?" ती मला म्हणाली. "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांना मनाई करा. तुम्हीसुद्धा यायचं नाही."

"ताबा माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"मग लांब उभे राहा."

मी लांब उभा राहू लागलो. बाळापूरच्या बागवानांच्या, तांबोळ्यांच्या, अत्तारांच्या घरच्या बायका बुरखे घालून यायच्या आणि विमानापाशी आल्यावर ते पंखावर टाकायच्या. आमच्या गावच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊनच यायच्या. संक्रांतीला तिथेच हळदीकुंकू झालं. तिळगूळ विमानाच्या नाकात, इंजन काढलेल्या रिकाम्या जागेत ठेवला होता, म्हणजे मुंग्या लागणार नाहीत. त्या दिवशी एका सासूने आपल्या नव्या सुनेला आत बसवून पाहिलं. पुढच्या आठवड्यापासून नवी जोडपी यायला लागली.

यातून एक रीतच पडली. लग्न झाल्यावर मारुती, मग माळ. नवरा पुढच्या जागेत, बायको मागच्या. गाडीत हाकणारा पुढे बसतो, तेव्हा विमानातही तसंच असणार, याबद्दल कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. दोन्ही जागांत मधोमध एक दांडा होता. नवरा तो घट्ट धरून समोर बघत बसायचा आणि वऱ्हाडी विचारायचे, कुठवर आलात. मागे बायकोलाही दांडा धरायला मिळायचा, कारण दुसरं धरण्यासारखं काही नव्हतं.

दोन्ही जागांच्या मधून एक रबराची नळी गेलेली होती. ती कशाची हे आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. बाळापूरचे एक टीनकाम करणारे चाचा होते, डबे, कंदील दुरुस्त करायचे. ते दर आठवड्याला यायचे आणि विमानाकडे बघून मान हलवायचे. एकदा त्यांनी नळीच्या एका टोकाला तोंड लावलं आणि मला दुसरं टोक कानाला लावायला सांगितलं.

"मास्तर, ऐकू येऊन राहिलं का?"

येत होतं. अगदी कानात बसून बोलल्यासारखं. वर उडताना वाऱ्यात एकमेकांशी बोलता यावं म्हणून ती सोय असणार, असं चाचांनी बराबर ओळखलं. पुढच्या खेपेला ते टिनाची दोन छोटी नरसाळी करून घेऊन आले आणि नळीच्या दोन्ही टोकांना बसवून दिली. काही घ्यायला तयार झाले नाहीत. म्हणाले, "मेरे को एक बार मागे बसू द्या." ते मागे बसले, मी पुढे. नळीतून त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता.

नळीमुळे जोडप्यांची गर्दी वाढली. ज्या घरांत नवराबायको चारचौघांत एकमेकांकडे बघतसुद्धा नसत, तिथली माणसं सगळ्या गावासमोर एकमेकांशी बोलू लागली, आणि काय बोलतात ते कुणाला कळत नव्हतं. बाहेरून दोन डोकी दिसायची, दोन्ही समोर तोंड करून, दोघांच्या हातांत नरसाळी. कधी पुढचं डोकं हसायचं, कधी मागचं.

मामीला आत बसवायचं माझ्या बायकोने मनात घेतलं होतं, हे मला आधी माहीत असतं तर मी नको म्हटलं असतं. मामी रोज दुपारी मामाची भाकर घेऊन माळावर यायची, दगडावर ठेवायची आणि निघून जायची. त्या दिवशी माझी बायको तिथे ठिगळाला खळ लावत बसली होती. मी खळीचं पातेलं धरून उभा होतो.

"मामी, एवढ्या बाया बसून गेल्या. तुमची जागा, आणि तुम्हीच न्हाई बसल्या," माझी बायको म्हणाली.

"मला काय करायचं बसून?"

"पाय तरी मोकळे होतील."

हे खोटं होतं. आत पाय आखडून बसावं लागतं. पण मामी बसली, मागच्या जागेत. मग माझी बायको मामाकडे वळली आणि जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "मामा, पुढं वजन नसलं की विमान मागं कलतं. जरा बसता का?"

हेही खोटं होतं. विमान मुळातच मागे कललेलं असतं. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यात पाहिलं. तो घोंगडी खाली ठेवून पुढे जाऊन बसला.

बराच वेळ काही झालं नाही. मेंढरं चरत होती. मामाने नरसाळं उचलून कानाला लावलं, बहुतेक काय आहे ते बघावं म्हणून. तेवढ्यात मागे मामीने आपलं नरसाळं तोंडाशी नेलं. मला ऐकू आलं नाही. पण मामाची मान ताठ झाली ती मी पाहिली. मग त्याने नरसाळं कानावरून काढून तोंडाला लावलं.

पहिलं वाक्य काय होतं ते मामीने नंतर माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली होती, "काल भाकर काहून उरली?" आणि मामा म्हणाला होता, "दाढ दुखते."

घरी गेल्यावर ती पुन्हा बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण पुढच्या आठवड्यात, बायकांचा दिवस संपून सगळ्या घरी निघाल्यावर, ती आपण होऊन मागच्या जागेत जाऊन बसली. मामा मेंढरं सोडून आला आणि पुढे बसला. तेव्हापासून दर आठवड्याला दिवस मावळायच्या आधी घटकाभर ती दोघं विमानात असत. घरात सून निरोप नेत होती. बकरीही कचेरीच्या हुकमाने परत गेली होती, तिलाही निरोप मिळत होते. बोलणं फक्त विमानात.

एकदा मामी उतरली ती थेट आमच्या घरी आली आणि माझ्या बायकोजवळ चुलीपुढे बसली. मी बाहेर वह्या तपासत होतो. ती सांगत होती ते मला ऐकू येत होतं.

"आज इचारलं म्या. लेकीला दिलं तवा मला काहून इचारलं न्हाई म्हनून."

"मग?"

"म्हने, मला वाटलं तू न्हाई म्हनशील."

"मग तुम्ही?"

"म्या म्हनलं, म्हनलंच असतं."

मग मामीने माझ्या बायकोला विचारलं की चुलीवर काय आहे, आणि आंबाडीची भाजी आहे म्हटल्यावर थोडी वाटीत घेऊन गेली.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बाळापूरचा एक शिपाईगडी रजेवर आला. तो लढाईत विमानांच्या तळावर कामाला होता. त्याला आमचं विमान दाखवायला लोक मोठ्या हौसेने घेऊन आले. त्या वेळी एक नवं जोडपं आत बसलेलं होतं. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "नवरा पुढं काहून बसवला?"

"चालवणारा पुढे बसतो ना," मी म्हणालो.

"न्हाई. ह्या विमानात एकटा असंल तर चालवणारा मागंच बसतो. पुढं नुसतं वजन."

वर्षभर पंचक्रोशीतले सगळे नवरे तिथे बसून गेले होते. गावातले काही जण माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू हे मला ठाऊक असायला हवं होतं. आत बसलेला नवरा उठला आणि बायकोला म्हणाला, "ऊठ, बदलू."

ती म्हणाली, "आता बसले ना मी."

त्यानंतर पुरुषांनी मागची जागा मागायला सुरुवात केली. माझ्या बायकोने सांगितलं की ज्यांचं लग्न आधी झालं त्यांच्याप्रमाणेच पुढच्यांनी बसायचं, मधेच रीत मोडली तर दोष लागतो. दोष कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. रीत टिकली.

मी त्या संध्याकाळी मामाला ही बातमी सांगितली. तो मेंढीच्या पायातला काटा काढत होता.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "त्यो पोरगा मागच्या जागंतूनच उतरला व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"कोनी इचारलं?"

"तुम्ही स्वतः पुढे बसता."

काटा निघाला. त्याने तो बघितला आणि फेकून दिला. "हाकू दे की तिला," तो म्हणाला.

लढाई संपली. विमान होतं तिथेच होतं. वरचे पंख खाली झुकले, कापडाची चाळण झाली. बायकोने जेवढी धोतरं होती तेवढी लावली. सत्तेचाळीस ते अठ्ठेचाळीस हा काळ आमच्या भागात सरळ गेला नाही. बरीच घरं पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात निघून गेली, शाळेत सात मुलं उरली. बायकांचा दिवस आपोआप बंद पडला. टीनकाम करणारे चाचा यायचे बंद झाले, मग एकदा आले, नळीची नरसाळी काढून कल्हई करून पुन्हा बसवली आणि म्हणाले, "गंज चढून राहिला होता." माळावर फक्त मामामामी यायची. तेवढ्या सगळ्या गडबडीत त्यांनी एक आठवडा चुकवला, तोही मामाला ताप होता म्हणून.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि हिवाळ्यात नव्या कचेरीने जुने कागद काढले. त्यात माझी सही निघाली. दुसरा हुकूम आला. त्याच्यामागे लॉरी आली. चार माणसांनी एका दुपारी पंख सोडवले, तारा कापल्या, सांगाडा लॉरीत चढवला. मुकादमाने यादी वाचली आणि शेपटावरच्या ठिगळाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. मी धोतर म्हणालो. त्याने तसं लिहून घेतलं. मामा मेंढरं घेऊन लांब उभा होता. मामी भाकर घेऊन आली, दगडावर ठेवली, लॉरीकडे एकदा पाहिलं आणि गेली.

मी आणि बायको त्या दोघांच्या काळजीत होतो. आठ दिवसांनी माझी बायको ताक मागायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेली. परत आल्यावर तिने ताकाचं भांडं खाली ठेवलं. मग तिने सांगितलं. मामी आत भिंतीला पाठ लावून ज्वारी निवडत बसली होती. मामा बाहेर ओट्यावर त्याच भिंतीला पाठ लावून लोकर पिंजत होता. मधे कुडाची भिंत, वरचं माती-शेण थोडं गळून पडलेलं. दोघं बोलत होती. मामी म्हणत होती की करडं विकायची घाई करू नका, आणि मामा म्हणत होता की बरं.

माझ्या बायकोने मामीला विचारलं, "मामा बाहेरच का बसलेत? आत या म्हणावं."

"आत धूर व्हतो," मामी म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

पुढच्या वर्षी माझी वसमतकडे बदली झाली. आमचं सामान एका बैलगाडीत मावलं. गाडी मामाच्या घरावरून गेली तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता. आम्हाला पाहून त्याने हात वर केला. त्याच वेळी आतून मामी काहीतरी बोलली असणार, कारण तो मान वळवून ऐकायला लागला. गाडी वळणावर गेली तरी त्याचा हात तसाच वर होता.